सासूच्या पाठीवर खो

"तफद्दली, अम्मती," मरियम म्हणाली. म्हणजे, आधी तुम्ही, सासूबाई.

"ला, ला. नहीं, तुम खेलो," उम्म खालिद म्हणाल्या.

दोघी बेंचच्या दारात उभ्या. सून बर्फावरून आत आलेली, सासू बाहेर जायला तयार नाही. तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. प्रॅक्टिस मॅचमध्ये हे सारखंच होत होतं.

नव्वदच्या दशकाअखेरची गोष्ट. अबुधाबीच्या एका आइस रिंकवर मी लेडीज टीमची कोच होते. मूळची सांगलीची. शाळेत खो-खो, कॉलेजात हॉकीची गोलकीपर, अधेमधे रोलर स्केटिंग. "एक ना धड, भाराभर चिंध्या," आई म्हणायची. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी इथे आले, बर्फावर पडतझडत उभी राहायला शिकले. लेडीज टायमिंगला रिंकवर पुरुष चालत नाहीत, त्यामुळे त्यांना बाईच कोच हवी होती. आईच्या चिंध्यांची अशी गोधडी झाली!

टीम इथल्याच अरब बायकामुलींची. उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, सगळ्यांत मोठ्या. वडिलांचा मुंबईशी व्यापार, म्हणून हिंदी फर्डं. "खालिद खेलता है, तो खालिद की माँ क्यों नहीं?" म्हणत त्या आल्या, सुनेलाही घेऊन आल्या. त्या येतात म्हणून बाकीच्या घरांनी मुली पाठवल्या. प्रॅक्टिसला खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, त्यांच्याकडूनच. माझा फार जीव होता या बाईवर.

आइस हॉकीत खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. याला लाइन चेंज म्हणतात. जेमतेम मिनिटभर जीव तोडून पळालं की पाय भरून येतात. मग ती आत, ताज्या दमाची बाहेर. दारात घोटाळलात की बर्फावर तुमची एक कमी. आणि आमच्याकडे मोठ्यांच्या आधी पाऊल टाकायचं नाही, मोठ्यांनीही उलट 'आधी तू' सोडायचं नाही! मी शिट्टी वाजवून पाहिली. शिट्टी झाली की दोघी आणखीच आदबीने थांबायच्या.

त्यात मॅनेजर फादीने बोलावलं. हा लेबनीज, स्वभावाने गोड, हिशेबाला कडक.

"मॅडम, तुमच्या टायमिंगला मला बर्थडे पार्ट्या मिळू शकतात. ओनर विचारतो, ही टीम आहे की पिकनिक? कॅनेडियन लेडीजबरोबर मॅच ठेवलीये. हरलात तर टायमिंग खलास."

"आणि ड्रॉ झाली तर?"

"ड्रॉ चालेल," तो हसला. मागच्या वेळी याच टीमने आम्हाला धुवून काढलं होतं, ते त्याला माहीत होतं.

टायमिंग गेलं की या बायकांना दुसरीकडे कुठे बर्फ नव्हता. त्या रात्री झोप आली नाही. आणि मग सांगलीचं मैदान आठवलं. खो मिळाला की उठायचं! कोण मोठी, कोण धाकटी, विचारायला वेळ असतो का?

पुढच्या प्रॅक्टिसला सगळ्यांना मॅटवर बसवून खो-खो शिकवला. आत येणारीने पुढचीच्या पाठीवर थाप मारायची, ओरडायचं 'खो', आणि तिने सुटायचं. सगळ्या खूश. मरियमचा चेहरा मात्र उतरला.

"कोच, आय कॅनॉट हिट माय मदर-इन-लॉ!"

"हिट नाही गं, खो."

"सेम थिंग!"

"मारने दो," उम्म खालिद म्हणाल्या, "हमको पॅड है."

तरी ती सासूच्या पाठीवर बोट टेकवायची, धूळ झटकल्यासारखं. मी हात टेकले.

मॅचच्या दिवशी काचांना पडदे लावले. रेफरी बाई. फादी बाहेर, नुसता कान लावून. बाकीच्यांचे खो दणादण चालले होते. तरी शेवटी-शेवटी आम्ही दोन-एकने मागे. मरियम धापा टाकत दाराशी आली, सासूला पाहून सवयीने थांबली. ओठावर 'तफद्दली' आलंच.

"अगं बाई, घाल की!" मी चक्क मराठीत किंचाळले.

तिने डोळे मिटले आणि असा दणका घातला म्हणता!

"खो!"

उम्म खालिद दारातून सुटल्या त्या थेट समोरच्या गोलपुढे जाऊन थांबल्या. थांबल्या म्हणजे, तिथे कुणाला तरी धरून थांबल्या. आमच्या एकीने मारलेला पक, म्हणजे ती रबराची चकती, त्यांच्या नडगीच्या पॅडवर आपटून आत गेला. दोन-दोन! उरलेला वेळ आम्ही कसाबसा रेटला.

"मॅडम!" पडद्याबाहेरून फादी ओरडला. "व्हॉट हॅपन्ड? व्हॉट इज खो?"

"ड्रॉ!" मी ओरडले. मला रडू फुटलं होतं.

चेंजिंग रूममध्ये मरियम सासूच्या कपाळाचे मुके घेत माफी मागत होती. उम्म खालिद पाठ चोळत गहवा ओतत होत्या.

"माफी किसलिए? शादी के दिन से रोक के रखा था, आज निकला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कोच, ये खो बहुत अच्छा है. घर के लिए मत सिखाना."

टायमिंग टिकलं. एवढ्या वर्षांच्या कोचिंगमधून मी एवढंच शिकले: सासूला मान जरूर द्यावा, फक्त दार अडवून देऊ नये.