लिंबाखालचा शिशाचा दगड

अभिमन नाना कुणाच्याही घरी पाहुणे म्हणून गेले, की चहाच्या आधी छत ठोकत. हातातली काठी वर करायची, छताला दोन टोले द्यायचे आणि मान तिरपी करून ऐकायचं. "टण्ण" असा आवाज आला तर आत बसायचं. "डब्ब" आला तर चहा अंगणात. एकदा सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडच्यांचं नवं कोरं स्लॅबचं घर नानांनी ठोकलं, डब्ब आलं, आणि दोन्हीकडची तीस माणसं भर उन्हात अंगणात बसली. सोयरीक मात्र पंधरा मिनिटांत जमली. उन्हात मानपानाचं बोलायला कुणाला धीर निघाला नाही!

ही सवय चौतीस वर्षांची. राजस्थानात, उदयपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात शिसं आणि जस्त काढायची खाण आहे. सोनगीरचे अभिमन लोटन पाटील तिथे दगडाचे नमुने काढायच्या कामावर होते. सुरुंग उडाला, धूर निवळला, की पहारीने छत ठोकत आत जायचं. भरीव खडक टण्ण वाजतो, सुटलेला खडक डब्ब वाजतो, आणि डब्ब वाजलेल्या खडकाखाली जो थांबतो तो पुन्हा कुठेच थांबत नाही. छत पक्कं निघालं की पाण्याच्या पाइपाने समोरची भिंत धुवायची. धूळ ओघळायची, टोपीवरच्या दिव्याचा झोत पडायचा, आणि...

इथे नाना दर वेळी थांबत. दोन्ही हात पसरत.

"अन् काय सांगू, भिंत हसायची हो!"

करड्या खडकात चांदीसारखी लखलखणारी गॅलेना. तिच्या पोटात शिसं. शेजारी गुळाच्या खड्यासारखं तपकिरी स्फॅलेराइट. त्याच्या पोटात जस्त. आणि दोघांच्या मध्ये उगीच मिरवणारं पिवळंधमक पायराइट, ज्याला खाणीत कुणी विचारत नाही, पण नवखा माणूस सोनं समजून हमखास तेच खिशात घालतो. नाना लाल रंगाने त्या पट्ट्यांच्या हद्दी आखत, हातोडीने तुकडे पाडत, पिशवीत भरून चिठ्ठी बांधत. शिसं पोटात गेलं की विष, म्हणून वर आले की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. सोनगीरला आल्यावरही नानांनी हात धुतल्याशिवाय बिस्किटाला हात लावला नाही.

निवृत्तीनंतर ते गावी आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत दगड. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई त्या पेटीला सवत म्हणत.

"लोक परदेशमाईन बायकोले साडी आनतस," त्या शेजारच्या कमलबाईंना सांगत, "आनी आमनाकडे पाय, धोंडा उनात! तेबी चिठ्ठ्या लायेल!"

त्या पेटीत एक धोंडा मात्र सगळ्यांचा राजा होता. नारळाएवढा गॅलेनाचा खडा, त्यावर करवतीने कापल्यासारखे चौकोनी ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळा आरशासारखा. सहाव्या पातळीवर खडकातल्या एका पोकळीत तो नानांनाच सापडला होता. पुढे ती जागा भरून बंद केली, म्हणजे तसा खडा आता तिथून पुन्हा मिळणे नाही. तेव्हा खाणीत नवीन आलेली ऋतिका ही भूगर्भतज्ज्ञ मुलगी मूळची जामनेरची. खानदेशी माणूस म्हणून नानांच्या पाठीमागे हिंडून ती खडक वाचायला शिकली. साहेबांना सांगून तिनेच तो खडा नानांना ठेवू दिला, पण एका अटीवर.

"नाना, खाणीचं संग्रहालय होईल तेव्हा परत द्यायचा."

"शब्द," नाना म्हणाले होते.

आणि यंदा, अगदी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, ऋतिकाबाईंचा फोन आला. संग्रहालय तयार होतं. त्या गाडीने नाशिकहून उदयपूरला निघणार होत्या, महामार्ग सोनगीरवरूनच जातो, आखाजीच्या सकाळी दहाला त्या दारात हजर होणार होत्या.

नाना आनंदाने तरंगतच धुळ्याला आंबे आणायला गेले. इकडे प्रमिलाबाईंनी सणाची साफसफाई काढली. पेटी अंगणात आली, दगडांना ऊन दाखवलं गेलं, आणि तो राजा खडा जड म्हणून कुंपणालगत कमलबाईंच्या कडुलिंबाखालीच राहून गेला.

आंब्यांची पिशवी घेऊन नाना परतले, तेव्हा लिंबाखाली गर्दी होती. घंटी वाजत होती. पुढे होऊन पाहतात तर काय! त्यांचा खडा पाटावर बसलेला. वरपासून खालपर्यंत शेंदूर. चांदीचे डोळे. समोर नारळ, फुलं, उदबत्ती.

"कमल!" नानांच्या हातून पिशवी सुटली, आंबे गल्लीभर पळाले. "हाई काय करं तू?"

"मी काय करं नही, नाना," कमलबाई हात जोडून म्हणाल्या. "देवी सोता उनी. दुपारले झाडाले गऊ तं नुसता लखलखाट! एवढुसा धोंडा, पन दोन्ही हात लावात तवय हालना. देवी नही तं एवढा भार कशाना?"

"भार शिशाचा आहे! पाण्याच्या साडेसात पट जड असतो तो!"

"मंग देवी शिशानी शे," कमलबाई शांतपणे म्हणाल्या. आणि गर्दीने माना डोलावल्या.

नानांनी घसा कोरडा केला. खाण, पातळी, शब्द, संग्रहालय. कुणी ऐकेना. बसवलेली देवी उचलायची नाही, यावर सगळी गल्ली ठाम. आता उद्या दहाला ऋतिकाबाई येणार, आणि त्यांना काय सांगायचं? तुमचा खडा देवी झाला? आयुष्यात नानांनी एकाही नमुन्याची चिठ्ठी चुकवली नव्हती, आणि आता दिलेला शब्दच चुकणार होता.

आखाजीची सकाळ उजाडली. त्याच लिंबाला झोका टांगलेला. माहेरी आलेल्या लेकींनी अंगण फुललेलं, गाणी चाललेली, घराघरात खापरावर मांडे पडत होते. बरोबर दहाला पांढरी गाडी थांबली. ऋतिकाबाई उतरल्या, नानांच्या पाया पडल्या, आणि लिंबाखाली पाहून जागीच थबकल्या.

"नाना... हा आपला?"

"आपलाच," नाना बारीक आवाजात म्हणाले.

ऋतिकाबाई एक पाऊल पुढे सरकल्या, तोच कमलबाई मध्ये. "बाई, हात लावू नका हं!"

नानांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वर पाहिलं. समोर झोका मोकळा होता. काठी प्रमिलाबाईंच्या हातात देऊन एकाहत्तर वर्षांचा तो गडी चक्क झोक्यावर जाऊन बसला.

"अहो, हाडं मोडतील!" प्रमिलाबाई ओरडल्या.

"हा झोका नाही, खाणीत उतरायचा पिंजरा आहे!" नाना गरजले. "ज्यांना खाली यायचं त्यांनी दोरी धरा. पोरींनो, ढकला!"

पोरी खिदळत धावल्या. झोका निघाला.

"पहिली पातळी! कानाला दडे! दुसरी! उजेड गेला! तिसरी, चौथी... हवा तापली, अंगावर पाणी ठिबकतंय, दिवे लावा!"

सगळ्या गल्लीने कपाळाला हात लावून नसलेले दिवे लावले. ऋतिकाबाईंनीही.

"सहावी! साडेतीनशे मीटर खाली! आता पाहा. दोनशे कोटी वर्षांमागे इथे उथळ समुद्र होता. आपला सोनगीरचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे ना, तो या खडकापुढे कालचं पोर! समुद्राच्या तळाशी थरावर थर बसले, दबून खडक झाले. मग जमिनीच्या पोटातून तापलेलं खारट पाणी भेगाभेगांत शिरलं, पोळीत पुरण भरावं तसं! त्या पाण्यात शिसं, त्या पाण्यात जस्त. तिथे त्यांना गंधक भेटला, आणि दोघंही जागच्या जागी गोठली. वरून धरणीने सगळं दुमडलं, मांड्याची घडी घालतात तशी!"

"मना पितळमा जे जस्त पडस, तेबी असंच का?" भांडी घडवणारे मोतीलाल तांबट गर्दीतून ओरडले. पूजेचं सामानही त्यांच्याच दुकानातलं.

"तेबी! आणि मोतीलाल, तू कमलला दिलास तो शेंदूर खरा ना?"

"वडिलांच्या वेळचा! अस्सल!"

"मग ऐका!" नाना झोक्यावर उभे राहिले. प्रमिलाबाईंनी डोळे मिटले. "खरा शेंदूर कशाचा करतात? शिशाचा! शिसं भट्टीत तापवून तापवून त्याची लाल पूड होते. हा दगड शिशाची आई, आणि तिच्या अंगावर बसलाय तो शेंदूर तिचीच लेक! म्हणून सांगतो, शेंदूर लावलेले हात धुतल्याशिवाय आज कुणी मांड्याला हात लावायचा नाही!"

कमलबाई देवीकडे टक लावून पाहत होत्या.

"नाना," त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे हिनं माहेर... तठे शे? त्या खानमा?"

नाना काही बोलायच्या आत प्रमिलाबाई पुढे झाल्या. काठी टेकवत, पदर खोचत.

"आनी आज काय शे, कमल? आखाजी! माहेरनं मानूस गाडी लिसन दारशी उभं शे, आनी तू लेकीले आडावशी?"

गल्लीत एकदम कालवा झाला. आखाजीला माहेरी निघालेल्या बाईला अडवायचं म्हणजे काय! कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच झटक्यात त्या घरात पळाल्या. बाहेर आल्या त्या खण, नारळ आणि मांड्यांची शिदोरी घेऊन. मग देवीची ओटी भरायला जी चढाओढ लागली! पहिली ओटी भरली ती प्रमिलाबाईंनी.

"जाय माय," सवतीच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या. "चौतीस वरीस यास्ले सांभायं तू."

नानांनी ते ऐकलं आणि उगीचच चष्मा पुसायला घेतला.

"नाना, शेंदूर धुऊन मांडू का?" ऋतिकाबाईंनी विचारलं.

"नको. लेक कडेवर घेऊन चाललीय ती. फक्त काचेच्या पेटीत ठेवा, आणि चिठ्ठीवर ठिकाण नीट लिहा. सहावी पातळी."

"आणि शोधणारा, अभिमन लोटन पाटील, सोनगीर. लिहिलंय आधीच."

खडा नव्या खणात गुंडाळून पुढच्या सीटवर बसवला. ऋतिकाबाईंनी गाडी सुरू केली, तर गाडी टुणटुण वाजायला लागली. थांबेचना.

"काय म्हनस वो गाडी?" कमलबाई घाबरल्या.

"सीटवर कुणीतरी वजनदार बसलंय म्हणते," ऋतिकाबाई हसून वेड्या झाल्या, "पट्टा लावा म्हणते!"

पट्टा लावला. टुणटुण थांबली. कमलबाईंनी गर्दीकडे असं पाहिलं, की आता बोला! गाडीलासुद्धा कळलं.

नानांनी काठी घेतली, गाडीच्या टपावर हलकेच दोन टोले दिले, मान तिरपी केली.

"पक्कं आहे," ते म्हणाले. "निघा."

गाडी महामार्गाला लागून दिसेनाशी होईपर्यंत सगळी गल्ली हात हलवत होती. मग हात धुवायला नळावर रांग लागली, आणि रांगेतूनच कमलबाई मागे वळल्या.

"नाना, जागा मोकयी दिसस हो लिंबाखाले. पेटीमा आखो एखादी शे का?"