वाट्याचा फणस

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात फणसांचे वाटे मांडले जात होते. शाहूवाडीच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतरणीवर आमचं गाव. भाताची खाचरं वाटून घेता येतात, झाड चिरून वाटता येत नाही, म्हणून परड्यातले जुने फणस सगळ्या भावकीत सामाईक होते. वैशाखात फळं उतरवली की अंगणात त्यांचे ढीग करायचे, जितकी घरं तितके ढीग. मग प्रत्येक वाटेकऱ्यानं आपली खूण द्यायची. कुणी दगड देई, कुणी आंब्याचं पान, कुणी काटकी. तोवर घरातलं एखादं पोर पाठमोरं उभं केलेलं असे. कुठली खूण कुणाची हे त्याला ठाऊक नसे. ते वळून एकेका ढिगावर एकेक खूण ठेवी. ज्याची खूण त्याचा ढीग. बरा येवो की किडका येवो, तोंड वाकडं करायचं नाही.

त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा ढीग पहिल्यांदाच वेगळा करायला लावला होता. माझं लग्न झालं होतं आणि कोल्हापूरच्या भाजी बाजारात एका अडत्याकडे हमालीचं काम ठरलं होतं. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो म्हणाला की जाणाऱ्याला वाटा कशाला. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "जातोस तर जा. वाटा हितनं कुठं जात न्हाय." मी त्यातला एक फणस खांद्यावर टाकला, इंदूनं, माझ्या बायकोनं, पत्र्याची ट्रंक घेतली आणि आम्ही एसटी गाठली. आबांचं ते बोलणं मी शब्दाला शब्द धरून ठेवलं. पुढं सगळं बिनसलं ते त्याच्यावरूनच.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटतं, शहरात गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून शहाणा होतो. माझा पहिला आठवडा सांगतो. अडत्यानं माझ्यापुढं फ्लॉवरची पाटी टाकली आणि साफ करून ठेव म्हणाला. मी फ्लॉवर जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडं भाजीला फूल आलं की ती जून झाली, माणसानं खायची राहिली नाही. पाला मात्र छान कोवळा दिसत होता. मी सगळे पांढरे गड्डे मोडून म्हशीसाठी बाजूला टाकले आणि पाल्याच्या जुड्या बांधून रांगेत लावल्या. अख्खा बाजार बघायला लोटला. पुढं माझा स्वतःचा गाळा झाला, लोक माझ्याकडून उधारीवर माल नेऊ लागले, तरी जुने व्यापारी मला पालेवाला म्हणायचे ते म्हणायचेच.

तेव्हाच ठरवलं होतं की मला मुलं होतील ती कुणाच्याही ताटापुढं बावचळणार नाहीत.

झाली दोन. शालन थोरली, अशोक धाकटा. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मी घरी एखादं न पाहिलेलं फळ नाहीतर भाजी घेऊन जायचो. लाकडी खोक्यात गवतात गुंडाळून आलेलं सफरचंद, चिक्कू, नासपती, अननस, ढबू मिरची, नवलकोल, बीट. माझा नियम साधा होता. घास तोंडात घ्यायचा, चावायचा, गिळायचा, आणि मगच आवडलं की नाही ते बोलायचं. चावायच्या आधी जो नाही म्हणेल त्याच्या पाठीत धपाटा. शालन माझ्यावर गेलेली. अननसाच्या खोबणीतला एकेक काळा डोळा ती आधी नखानं टोकरून पाही, मग खाई, आणि नको असेल तर स्पष्ट नको म्हणे. अशोक रडे. बीट खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लघवी लाल झाली आणि इंदूनं शेजारपाजार गोळा केला. डॉक्टर हसला. मी मात्र त्या दिवशी डॉक्टरशीही भांडलो, कारण हसण्याची फी कोण देतो?

इंदूची रीत निराळी होती. नवलकोलावरून मी आणि अशोक एकदा हट्टाला पेटलो. ताट तसंच, तो तसाच, मी तसाच. दुसऱ्या दिवशी इंदूनं नवलकोलाचे लांब तुकडे केले, वर तिखट-मीठ लावलं आणि उंबऱ्यात बसून ते गल्लीतल्या पोरांना वाटायला लागली. घरात अशोक होता, त्याला विचारलंही नाही. थोड्या वेळानं तो स्वतःच रांगेत येऊन उभा राहिला. मी गाळ्यावरून आलो तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही विकल्यागत देताय. विकणाऱ्यापुढं पोरगंबी गिऱ्हाईक हुतंय, मग नको म्हणणारच की."

मला ते तेव्हा पटलं नाही. पण नवलकोल संपला होता, हे खरं.

आमच्या घरात अशी सगळ्या मुलखाची फळं आली. फक्त फणस आला नाही. त्याचं कारण दादा.

आबा वारले त्याच्या पुढच्या वैशाखात गावचा एक माणूस बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणाला की यंदा तुमच्या अंगणात एक ढीग कमी होता. मी विचारलं, कुणाचा? तो पिशवी उचलून चालता झाला. त्याच संध्याकाळी एसटीच्या टपावरून माझ्या नावानं एक पोतं उतरलं. आत निवडक फणस. दादाचा निरोप होता, पोरांना खायला. वाट्याला आले असते त्याहून कितीतरी जास्त होते, आणि बरेही होते.

मी पोतं शिवलेलं तसं गाळ्यावर नेलं, फणस विकले आणि आलेले पैसे आईच्या नावानं मनिऑर्डर केले. पुढच्या वर्षी पुन्हा पोतं आलं, पुन्हा मनिऑर्डर गेली. वाटा नाही तर भेटही नको, हा त्याचा अर्थ दादाला कळत होता आणि मलाही. वर्षामागून वर्ष हे चाललं. आम्ही पेठेतली खोली सोडून कसबा बावड्यात घर बांधलं, तरी पोतं नव्या पत्त्यावर येतच राहिलं. शालननं एकदा विचारलं की गाळ्यावर फणस असतो तो घरी का येत नाही. मी म्हटलं, उष्ण असतो. ती म्हणाली, मग लोकांना कसा विकता?

मग आईचा निरोप आला. तिला बरं नव्हतं. पावसाळ्याआधी नातवंडांना डोळ्यांनी बघायचं होतं. निघायला लागलंच.

आम्ही पोचलो तेव्हा दादा वेशीपर्यंत पुढं आला होता. अंगणात पाय धुवायला तांब्या ठेवलेला, ओसरीवर नवं घोंगडं अंथरलेलं. वहिनीनं लगेच आतून परात आणली. हाताला तेल लावून, चीक काढून, आठळ्या वेगळ्या करून गरे सोललेले होते. "बसा पावणं, दमला असशीला," असं ती माझ्या पोरांना म्हणाली. शालननं एक गरा उचललासुद्धा.

मी तो तिच्या हातातून काढून परातीत टाकला. म्हटलं, या घरात आपला ढीग मांडत नाहीत तोवर कुणी तोंड लावायचं नाही.

वहिनीचा चेहरा उतरला. आई आतून म्हणाली की आल्या आल्या कशाला वरडतोयस. पण दादा शांत होता. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि समजुतीनं बोलू लागला. वाट्याचे मला दोन मिळाले असते, तो पोतंभर पाठवतो, मग यात माझं नुकसान काय झालं, असं त्याचं म्हणणं.

बाजारात मी भाव पाडण्यासाठी ओळखला जातो. समोरच्यानं सांगितलेला आकडा मी आजवर मान्य केलेला नाही. पण कमी मिळावं म्हणून मी घासाघीस केली ती आयुष्यात एकदाच, त्या दिवशी.

"पोतं नको," मी म्हणालो. "दोन दे. एक दे. पर वाट्यातलं दे."

"वाटा राखणाऱ्याचा असतोय," दादा म्हणाला. "वानरं कोण हाकतंय हितं? तू व्हय? आबा बोलून गेलं, पर झाडाखाली तुझ्या बदल्यात मी उभा ऱ्हायलोय. ज्यानं राखलं न्हाय त्याला मी देतो, ते पावणा म्हणून देतो. त्यात कमी काय हाय?"

खरं सांगायचं तर हे मला तोवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. रीत तशीच होती. कच्च्या फणसापासून उतरवेपर्यंत दिवसा वानरांवर लक्ष ठेवायचं, आणि जो ठेवतो तो वाटेकरी. आबांनी दिलेला शब्द मी धरून बसलो होतो, आणि त्या शब्दाची राखण मात्र दादा करत होता. तरी मी मागं हटलो नाही. सौद्यात हटायची मला सवय नाही. अजून फळं उतरवायची राहिली होती. मी म्हटलं, उतरवेपर्यंत आम्ही चौघं राखण करतो, आणि मग ढीग मांडायचा.

दादा हसला. कोल्हापूरची पोरं झाडाखाली दुपारपर्यंत टिकणार नाहीत असं त्याला वाटलं असावं. पण हो म्हणाला.

मी गाळा बंद ठेवला. बाजार चालू असताना कधी सुट्टी न घेणारा माणूस डबा वाजवत परड्यात बसलाय, हे बघायला गावातली माणसं मुद्दाम फिरून जायची. वानरं कळपानं येत. मी ओरडायचो, अशोक डबा बडवायचा, शालन गोफणीत खडे घालायला दादाच्या पोराकडून शिकली. माझं ओरडणं वानरांना लवकरच सवयीचं झालं; पळायची ती शालनच्या खड्यांना. मधल्या वेळात ती तिघं पोरं झुडपांत शिरत. करवंदं, तोरणं, रानातल्या आळूच्या झाडाची फळं, कुणाच्या तरी बांधावरची जांभळं. मी काहीच देत नव्हतो आणि नियमही सांगत नव्हतो. अशोक परत यायचा तेव्हा त्याची जीभ जांभळी आणि ओठ चिकानं फुटलेले असायचे. बावड्याच्या घरात सफरचंदाच्या फोडीला ज्यानं तास लावला, तो काटे बाजूला करून आंबट तोरणं ओरबाडत होता. इंदू माझ्याकडे बघायची, आणि मी वानर नसलं तरी ओरडायला लागायचो.

शेवटी फळं उतरवली. अंगणात ढीग मांडले. या वेळी एक जास्त होता. चुलत्यांची माणसं जमली. दादाच्या धाकट्या मुलीला पाठमोरी उभी केली. मी माझी खूण म्हणून वाटेतला एक खडा दिला. मुलगी वळली. तिनं माझा खडा सगळ्यात हलक्या ढिगावर ठेवला. दोन फणस, त्यातला एक वानरांनी कुरतडलेला.

दादा लगेच उठला. आपल्या ढिगातला एक उचलून इकडं ठेवायला निघाला. मी म्हटलं, हात लावायचा नाही. आवाज चढला होता. दादानं फणस खाली ठेवला.

धड होता तो मी तिथंच फोडला. बरका निघाला, म्हणजे मऊ, गिळगिळीत गऱ्याचा. शालनच्या फ्रॉकला चीक लागला तो पुढं कधी निघाला नाही. तिनं दोन गरे खाल्ले आणि तिसरा मागितला. अशोकनं एक घेतला. सगळी भावकी त्याच्याकडे बघत होती. त्यानं नियमाप्रमाणं चावला, गिळला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मला न्हाय आवडला."

इतक्या वर्षांच्या भांडणातून आणलेला फणस. माझं डोकं फिरलं, हात उगारला गेला. दादानं तो वरच्या वर धरला.

"मारतोस कशाला?" तो म्हणाला. "पावणं कधी नको म्हणतंय व्हय? परात पुढं केली की गुमान खातंय. हे घरचं हाय म्हणून नको म्हणतंय."

आणि त्यानं पोराला जवळ ओढून कुरतडलेला फणस त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाला, तुझा हाय, खा न्हायतर म्हशीला घाल.

त्यानंतर पोतं आलं नाही. दर वैशाखात मी राखणीला जातो, जमतील तितके दिवस, आणि मिळेल तो ढीग उचलतो. ज्या वर्षांचे ढीग मांडलेच गेले नाहीत त्यांचा विषय मी दरवेळी काढतो आणि दादा दरवेळी जागेवरून उठून जातो. ते मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

यंदा दादाचा तोच पोरगा, शालनला गोफण शिकवणारा, कॉलेजसाठी कोल्हापुरात आला आणि आमच्याकडे राहिला. पहिले कितीतरी दिवस ताटात पडेल ते पावण्यागत खाली मान घालून खायचा. ढबू मिरची, कारलं, बीट, सगळं. इंदू वाढे, तो संपवी, आणि वर म्हणे की काकी, झकास झालंय. मला ते बघवत नसे. इंदूला मी म्हटलं की हे पोरगं वाळत चाललंय, तर ती म्हणाली, थांबा.

मग एका जेवणाला त्यानं दोडक्याची भाजी ताटाच्या कडेला सारली. म्हणाला, "काकी, मला हे न्हाय जमत." मी भडकलो. चार गोष्टी ऐकवल्या, बाजारभावासकट. तो उठला, न विचारता फळीवरचा डबा काढला, गुळाचा खडा फोडला आणि पुन्हा भाकरीपुढं येऊन बसला.