रडक्या मुलांच्या खोलीतून

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. मी चौथीच शिकले. वहीनं सांभाळून घ्यावं.

आज आमच्या नाट्यगृहाच्या खुर्च्या टेम्पोत चढताना पाहिल्या. तेवीस वर्षं मी त्या पुसल्या. इमारत धोकादायक ठरली, आता पाडणार. तिचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात मोठ्या नटांची नावं येतील. मला तिथली नाटकं ठाऊक आहेत ती मागच्या, रडक्या मुलांच्या खोलीतून. तान्ही पोरं घेतलेल्या बायांमागे मी काचेपाशी उभी राहायची. स्पीकरमधून संवाद यायचे, आणि नेमके शेवटाला पोरांच्या रडण्यात बुडायचे. कितीतरी नाटकांत पुढे काय झालं, मला अजून माहीत नाही.

म्हणून शेवटच्या प्रयोगाचं पहिल्या रांगेचं तिकीट काढलं. बुकिंगवाले अण्णा म्हणाले, "मावशी, झाडू घरी ठेवून या हं! नाहीतर बसल्या बसल्या रांग झाडाल."

प्रयोगाच्या सकाळीच दाराला सील लागलं. कुणाला काय विचारावं, कळेना. भिंतीला तडे होते, ते मीही पाहिले होते. अण्णांनी फाटकाजवळच्या बुकिंगच्या खिडकीतून तिकिटाचे पैसे परत दिले. एक रुपयाही कापला नाही.