गोळी माझी, उपास ह्यांचा

तेव्हा संस्थानं विलीन होत होती. आमच्या तिकडं दक्षिणेतलं चिमुकलं संस्थानही गेलं, आणि चौथीत शाळा सुटलेली मी लग्न होऊन बुऱ्हाणपुरात विलीन झाले. महिनाभरात चुलीपाशीच फिट आली. शुद्धीवर आले तर नाकाशी नवऱ्याचा जोडा! वाटलं, आता आपली रवानगी माहेरी. पण सासूबाईंनी टांगा बोलावला आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन दिलं, रोज रात्री एक गोळी. म्हणाले, "बेटी, झोप फार येईल, तेव्हा चुलीशी नि नदीवर एकटी जाऊ नको. राहिली म्हणून दोन एकदम घेशील, तर श्वास मंदावेल. आणि आपल्या मनानं बंद तर मुळीच करायची नाही. अचानक सोडली की फिट दुप्पट रागानं येते."

फिटा थांबल्या. मी मात्र डाळ निवडता निवडता डुलक्या घ्यायची.

"काय सूनबाई, खडे तुला निवडून राहिले का?" सासूबाई विचारायच्या.

तशात हरतालिका आली. लग्नानंतरची पहिली, पाण्याचा थेंबही वर्ज्य. गोळी घ्यावी तर उपास मोडणार आणि ह्यांचं आयुष्य घटणार. न घ्यावी तर फिट येणार, मग सासूबाईंचाही धीर सुटणार. शेवटी रडतच त्यांना विचारलं.

"उपास कोणासाठी?" त्या म्हणाल्या.

"ह्यांच्यासाठी."

"आयुष्य कोणाचं वाढणार?"

"ह्यांचं."

"मग तोच करेल! काय फिकर?"

हे वखारीतून केळीचे घड तोलून आले आणि ऐकून हबकलेच. "आई, असं कुठं असतं का?"

"आपल्या घरी असतं. आजपासून."

हरतालिकेला तापीच्या वाळूची पिंड मी पुजली आणि हे दिवसभर माठाकडे बघत बसले. रात्री मी पाण्याबरोबर गोळी घेतली, तर म्हणाले, "जरा हळू पी ना. घोटाचा आवाज येतो."

"गप रे," सासूबाई म्हणाल्या, "आयुष्य वाढून राहिलं तुझं."

जागरणाची गाणी सुरू झाली. दुसऱ्याच गाण्याला माझी मान कलली, म्हणून जागरणही ह्यांच्याच वाट्याला गेलं.

सकाळी उठले तर जोडा दाराशी होता, माझ्या नाकाशी नव्हता. आणि हे तिसरा तांब्या पीत होते.