काकूंचं गुलाबी झाड

गल्लीच्या टोकाला दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे काकूच म्हणत. त्यांची सख्खी नणंदसुद्धा कधीकधी चुकून काकू म्हणून जायची. काकूंचा हात कात्रीवर जितका हलका, तितकाच कान तिखट. मानेभोवती कापड गुंडाळलं, डोक्यावर पाण्याचा फवारा बसला, की माणूस आपोआप घरचं बोलायला लागतो. कुणाची आत्या कुणाच्या घरात दिली, कुणाचे आजोबा दत्तक गेले, कुठले दोन सख्खे भाऊ वेगवेगळी आडनावं लावतात, सगळं काकूंना तोंडपाठ.

"जेवताना मला सांगून काय उपयोग? मी दोन घासांत विसरतो," त्यांचा नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मोजकं बोलायचा. "कुठेतरी नीट लिहून ठेव."

मग काकू वंशावळीच्या एका साइटवर पोचल्या. साइट कुठल्या कंपनीची नव्हती, हौशी लोकांनी मिळून चालवलेली. एकेका गावाचं पान एकेकाने सांभाळायचं आणि ज्याला आपलं माणूस शोधायचंय त्याने ते फुकट शोधायचं. काकूंनी आपल्या गावाचं पान मागून घेतलं. ज्याचं नाव चढवायचं त्याला आधी विचारायचं, हा त्यांचा शिरस्ता. गिऱ्हाईकं हौसेने होकार देत आणि वर चुलत्यांची नावंही देत.

सगळं छान चाललं होतं. माशी शिंकली ती लोगोवर.

साइटचा लोगो म्हणजे तपकिरी रंगाचं, मुळं पसरलेलं एक झाड. त्याचे नियम ठरलेले होते. पान उघडल्याबरोबर तो सगळ्यात वर दिसला पाहिजे, ताणायचा नाही, रंग बदलायचा नाही.

"हे झाड आहे की झाडू?" काकू नवऱ्याला म्हणाल्या आणि पानाला शोभेल असा गुलाबी रंग त्याला देऊन मोकळ्या झाल्या.

चारच दिवसांत फोन आला. सगळ्या पानांवर देखरेख ठेवणाऱ्या बाई एका वाचनालयातून निवृत्त झालेल्या होत्या. आवाज हळू, पण मुद्द्याला पक्क्या.

"पान सुरेख केलंय तुम्ही. फक्त ते झाड पूर्वीसारखं करा."

"अहो बाई, पण शोभत नाही हो ते!"

"शोभेसाठी नाहीच ते. पान आपल्या साइटचं आहे हे कळावं म्हणून आहे."

काकूंना राग आला. कुणाकुणाला विचारून माहिती गोळा केली, दुपारची झोप सोडली, आणि ही बाई झाडाच्या रंगावरून हटकतेय! त्यांनी झाड तपकिरी केलं खरं, पण उचलून नेलं थेट तळाशी. वरच्या मोकळ्या जागेत पार्लरमध्ये जमलेल्या बायकांचा हसरा फोटो लावला आणि त्याभोवती गुलाबी महिरप काढली. बाईंचे पुन्हा दोन निरोप आले. काकूंनी वाचले आणि सोडून दिले.

बरेच महिने गेले. एके दुपारी पार्लरमध्ये एक नवीन बाई आली. शहर बससेवेत चालक होती, नुकतीच बदलून आली होती.

"टोपीखाली राहतील एवढेच ठेवा," ती म्हणाली. मग फवारा बसला आणि बोलायला लागली. "आमच्या आईचं माहेर याच गावातलं. लग्न घरच्यांना पसंत नव्हतं, म्हणून येणंजाणं तुटलं. आई गेली. एक मामा आहे म्हणे, घड्याळं दुरुस्त करायचा."

"मग शोधलं नाहीस त्याला?"

"शोधलं ना. ती वंशावळीची साइट आहे, तिच्यावर मागे दिवाळीतच या गावाचं पान उघडलं होतं. पण पुढे आली पार्लरची जाहिरात! गुलाबी गुलाबी, हसणाऱ्या बायका. म्हटलं, भलतीकडेच आलो आपण. आता नंबर मागतील, पैसे मागतील. बंद करून टाकलं."

काकूंची कात्री हवेतच थांबली.

"आईचं माहेरचं आडनाव काय गं?"

तिने सांगितलं. ते घराणं काकूंच्या पानावर पहिल्या दिवसापासून होतं. मामा तीन गल्ल्या पलीकडे राहत होता. बहिणीचं नाव त्याने स्वतः काकूंना दिलं होतं. केस एका बाजूने लांब, एका बाजूने आखूड, तशाच अवतारात काकूंनी तिला उठवलं आणि पार्लरला कुलूप घातलं.

मामाने भाचीला पाहिलं, बहिणीचाच तोंडवळा ओळखला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसता न्याहाळत राहिला. ती भडाभडा बोलत सुटली. त्याने हात वर केला.

"पोरी, ऐकू येत नाही मला. उन्हाळ्यात आजारी पडलो, तेव्हापासून कान गेले." मग तो काकूंकडे वळला. "हिचा आवाज हिच्या आईसारखा आहे का हो?"

काकूंनी तिची आई कधी पाहिलीच नव्हती. उन्हाळा येण्याच्या कितीतरी आधी या पोरीने ते पान उघडून मिटलं होतं, एवढंच त्यांना कळत होतं. भाचीने मामाचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि आईचं नाव घेतलं. मामा एकदम हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आधी हिचे केस तरी पुरे करा. ही काय दशा केलीय!"

परत आल्यावर काकूंनी केस सारखे केले, पैसे घेतले नाहीत, आणि ती गेल्यावर फोटो खाली, झाड वर केलं. मग रात्री घरून देखरेखीच्या बाईंना फोन लावून घडलं ते सगळं सांगितलं. आता चांगलंच ऐकावं लागणार, म्हणून डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "मलाही ते झाड आवडत नाही. माझ्या मेहुण्याने काढलंय. बदलायचं म्हटलं की रुसतो."

काकू इतक्या हसल्या की नवरा आतून बघायला आला.

पुढे बाईंची दृष्टी कमी झाली, तेव्हा लोगो तपासायचं काम त्यांनी काकूंवरच सोपवलं. परवा कुणा गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या गावाच्या पानावरच्या झाडावर एक मांजर बसवलं. काकूंनी आधी ते नवऱ्याला दाखवलं, पोटभर हसून घेतलं, आणि मग फोन उचलला.

"डॉक्टरसाहेब, मांजर फार गोड आहे हो. पण उतरवा. का ते सांगते, वेळ आहे ना तुम्हाला?"