मूळपुरुषाची तुटक रेघ

वंशावळीच्या अगदी माथ्यावर ज्याचं नाव असतं, ज्याच्यापासून पुढचा सगळा गोतावळा फुटतो, त्याला मूळपुरुष म्हणतात. त्या गल्लीत मात्र मूळपुरुष म्हटलं की डोळ्यांसमोर यायचा तो तळमजल्यावर राहणारा, बोटांना शाई लागलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला किडकिडीत माणूस. नाव ठेवलं शेजारच्या शिंप्याने. दिवसभर लोकांच्या आजे-पणज्यांची उठाठेव करणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं! त्यांना स्वतःच्या पोटचं मूल नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. चेष्टा करणाऱ्याला कुठे एवढा पोच असतो.

"मूळपुरुष, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात!" शिंपी मशीन थांबवून ओरडायचा.

"ऋषींनी आजवर तक्रार केलेली नाही," ते मान वर न करता म्हणायचे. "तक्रार नातवंडं करतात."

पुढच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्याच्या वर दोरी ताणलेली आणि तिला चिमट्यांनी अडकवलेल्या वंशावळी वाळत असायच्या, धुणं वाळत घालावं तशा. लोक जन्ममृत्यूचे दाखले आणायचे, जुने फोटो आणायचे, आजीच्या तोंडच्या ऐकीव गोष्टी आणायचे. मूळपुरुष त्यातलं खरं-खोटं पाखडून घ्यायचे आणि मगच पेन उचलायचे. आईबाप आणि मूल यांच्यामध्ये उभी सरळ रेघ. नवराबायकोमध्ये दोन आडव्या रेघा. आणि मूल दत्तक असेल तर ठिपक्याठिपक्यांची तुटक रेघ. एवढीच त्यांची भाषा, पण त्या भाषेत ते कुणाच्या बापालाही भीत नसत.

एकदा एक कापडवाला आला. "आमच्यात एखादा सरदार निघतो का बघा की," म्हणाला. नव्या दिवाणखान्यात लावायला त्याला वंशावळ हवी होती. मूळपुरुषांनी दोन महिने खपून ती केली आणि म्हणाले, "सरदार निघाला. तुमचे पणजोबा त्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. आणि फार चांगले ठोकायचे, तशी नोंद आहे." कापडवाला जो उठला तो दार आपटूनच गेला. आत वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची.

वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात मूळपुरुषांचं व्याख्यान व्हायचं. विषय ठरलेला, 'वंशविद्येचे जुने पंडित'. ऐकायला चार म्हातारे आणि विणकाम करणारी एक बाई. पण मूळपुरुष बोलायचे ते सभागृह भरून वाहत असल्यासारखे. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं तोंडपाठ म्हणणारे दरबारातले पंडित, थंडीत बोटं फुंकत जन्माच्या नोंदी उतरवणारे मठातले लेखक, एका घराण्याचा छडा लावता लावता आपला संसार विसरलेले विद्वान. या सगळ्यांबद्दल ते घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं बोलत. पण थैली घेऊन राजाचं मूळ थेट सूर्याला नेऊन भिडवणाऱ्यांचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा.

"एका रेघेत वर सूर्य आणि खाली राजा! विद्या मोठी, पण हात खोटा. मग ती विद्या काय धुऊन प्यायची?"

आपल्या हातून एकही खोटी रेघ निघालेली नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान. आणि देव माणसाला पाडतो तो बहुतेक अभिमानाच्याच पायरीवरून.

वहिनींनी मुलासाठी देवाला किती आळवलं त्याला गणती नाही. शेवटी दोघं अनाथाश्रमात गेले आणि तीनेक वर्षांची एक मुलगी घरी आली. आल्या आल्या तिने त्या टेबलाभोवती गिरक्या घ्यायला सुरुवात केली. घेरी येईपर्यंत फिरली आणि धप्पकन मूळपुरुषांच्या पावलावर बसली. ते तसेच पाय न हलवता बसून राहिले. तिचं नाव पडलं भिंगरी.

"देवाने उशिरा दिलं," वहिनी म्हणायच्या, "पण अगदी हातात आणून दिलं."

ती दत्तक आहे हे कधी कुणी लपवलं नाही, तिच्यापासूनही नाही. मूळपुरुष तिला मांडीवर घेऊन काम करायचे. ओल्या शाईवर टिपकागद दाबायचं काम तिचं. एकदा एक चुलतभाऊ चहा पिता पिता म्हणाला, "खाण तशी माती. आता ही कुठली खाण, कोण जाणे." घरात कधी आवाज न चढवणाऱ्या मूळपुरुषांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला, दंडाला धरून त्याला दारापर्यंत नेलं आणि कडी लावली. भिंगरीचं लग्न झालं त्या दिवशी ते कपाटामागे उभं राहून रडले. शिंप्याने पाहिलं, पण त्याची चेष्टा त्यानेही कधी केली नाही.

म्हणजे जीव नव्हता असं कुणी म्हणू नये. जीव फार होता.

त्यांच्या स्वतःच्या कुळाची वंशावळ हे त्यांचं अर्ध्या आयुष्याचं काम होतं. ती पुरी झाली तेव्हा कुळातली सगळी माणसं एका सभागृहात जमली. भिंतभर कागद लावला होता. जो तो आपलं नाव शोधत होता, सापडलं की बोट ठेवून फोटो काढून घेत होता. भिंगरी आपल्या मुलीला घेऊन आली होती. त्या पिटुकलीला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. तिने आजोबांचं नाव वाचलं, आजीचं वाचलं, आईचंही वाचलं. मग बोट खाली सरकवलं. खाली कोरा कागद.

"आजोबा, मी कुठे?"

मूळपुरुष हसले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बाजूला उभा असलेला तोच चुलतभाऊ बोलून गेला, "नियम म्हणजे नियम हो! आमचे मूळपुरुष घरच्यांनाही सोडत नाहीत." चार जण हसले. पिटुकलीही हसली, सगळे हसले म्हणून.

घरी येऊन स्वयंपाकघरात वहिनींनी चहा टाकला, तेव्हा भिंगरी उभ्या उभ्याच बोलली.

"बाबा, माझी रेघ तुटक काढलीस, ते मी लहानपणापासून बघतेय. माझं काही म्हणणं नव्हतं. पण हिचं काय?"

"दत्तकाच्या खाली वंश उतरत नाही गं. तसा..."

"तसा नियम आहे. ठाऊक आहे मला."

"तिच्यावर माझा जीव आहे की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न कागदाचा आहे."

"कागदाचाच आहे. तुझा जीव तिथेच असतो ना!" तिचा आवाज फाटला. "राजांना कागदावर सूर्य मिळाला बाप म्हणून. मला माझा बाप मिळू नये?"

"ते खोटारडे होते!"

"म्हणजे मी खोटी."

एक 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मूळपुरुष विचार करायला लागले. नेमकं काय म्हणावं, कुठला शब्द बरोबर बसेल. तोवर तिने पिटुकलीच्या पायात बूट चढवले होते. चहा तसाच राहिला.

त्यानंतर भिंगरीने त्या घरात पाऊल टाकलं नाही. वहिनीच बसने तिच्याकडे जाऊन यायच्या. परत आल्या की काही सांगायच्या नाहीत. मूळपुरुषही विचारायचे नाहीत, पण वहिनींची पिशवी रिकामी करायला मात्र स्वतः उठायचे. तिच्यात कधी पिटुकलीने कागदावर काढलेलं घर असायचं, कधी मांजर. ते बघायचे आणि वहिनींच्या उशाशी ठेवून द्यायचे.

पुढे वहिनींना जिना चढताना धाप लागायला लागली. मग बसपर्यंत जाववेना. मग अंथरूणच धरलं. छातीचं दुखणं होतं, औषधं चालू होती, डॉक्टर मान हलवत होते. भिंगरीचा फोन आला की वहिनी सांगायच्या, "काही नाही गं, खोकला आहे नुसता." लेक आईच्या दुखण्यासाठी धावत येऊ नये, बापाने हात धरून आणावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. देवाजवळही त्या तेवढंच मागत होत्या.

एक दिवस औषध घेता घेता त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू? माझ्यात तुमच्या कुळाचं रक्त किती?"

"भलतंच काय विचारतेस?"

"किती ते सांगा."

"थेंबभरही नाही. कसं असेल?"

"मग मला कशी हो दोन दोन रेघांनी बांधलीत? मीही परक्या घरचीच की. ती तर तीन वर्षांची आली, मी चांगली वीस वर्षांची घोडी आले होते."

मूळपुरुष हसले नाहीत. "ती पद्धत आहे," एवढंच म्हणाले. पण तो सवाल त्यांच्या डोक्यात घुसला तो घुसलाच. आणि इथे दुसरा कुणी असता तर चपला घालून लेकीच्या घरी गेला असता. मूळपुरुष वाचनालयात गेले. जुन्या पंडितांपैकी कुणी तरी, कधी तरी, कुठे तरी दत्तकाला सरळ रेघ दिली असेल, तेवढा आधार त्यांना हवा होता. ते रोज जायचे, वहिनींच्या औषधाच्या वेळेला परत यायचे, पुन्हा जायचे. शिंप्याची बायको येऊन वहिनींजवळ बसायची.

आणि सापडलं! कुठल्याशा जुन्या पंडिताने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की ज्याला पोर म्हणून वाढवलं ते पोर, आणि त्याची पोरं ती नातवंडं. वंश हा पाळण्याने चालतो. मूळपुरुष जवळजवळ पळतच घरी आले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. त्यांनी ते वाक्य वहिनींना दोनदा वाचून दाखवलं.

वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने सांगितलं तेव्हा पटलं होय. मी जिवंत माणूस रोज सांगत होते ते?"

"अगं पण आता आधार आहे. आता रेघ काढता येईल."

"कागद राहू द्या. आज जा आणि तिला घेऊन या."

"हात हलवत कसा जाऊ? आधी काढतो, मग कागद घेऊनच जातो. चार दिवसांचं काम."

"अहो, जा ना," वहिनी म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या नाहीत. धाप लागली होती.

खोडून काढलेली रेघ मूळपुरुषांना मान्य नव्हती. खाडाखोडीच्या कागदावर लेकीचं नाव? छे. त्यांनी नवा कोरा कागद घेतला आणि सगळं कूळ वरपासून पुन्हा उतरवायला बसले. माथ्यापासून, एकेक पिढी करत. पलीकडच्या खोलीतून वहिनींचा खोकला ऐकू यायचा, ते पाणी द्यायला उठायचे, हात धुऊन पुसून पुन्हा बसायचे. वहिनी मधूनच विचारायच्या, "कुठवर आलात?" ते सांगायचे, "आजोबांपर्यंत आलो," "वडिलांपर्यंत आलो." शेवटी ते स्वतःपर्यंत आले. वहिनींच्या नावाशी दोन आडव्या रेघा जोडल्या. मग फूटपट्टी धरून श्वास रोखला आणि खाली सरळ रेघ ओढली, भिंगरीपर्यंत. तिच्याखाली आणखी एक, पिटुकलीपर्यंत. शाई वाळायची वाटही त्यांनी पाहिली नाही, कागद दोन्ही हातांवर घेऊन आत गेले.

"हे बघ," ते म्हणाले.

वहिनींचं तोंड दाराकडे होतं. डोळे मिटलेले. दुपारचं ऊन अंथरुणावर आलं होतं. मूळपुरुष कागद धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं, झोपली असेल. मग त्यांना कळलं.

भिंगरीला फोन शिंप्याने केला.

न्यायला गाडी आली तेव्हा गल्ली भरली होती. कुळातली माणसं आली होती, तो चुलतभाऊही. गाडीवाल्याने मागचं दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "घरचे कोण कोण आहेत? घरच्यांनी पुढे या."

सगळ्यांनी मूळपुरुषांकडे पाहिलं. कुणाच्या घरचे कोण, हे सांगण्यातच त्यांचा जन्म गेला होता. ते भिंगरीला शोधत गर्दीवरून नजर फिरवू लागले. तोवर चुलतभाऊ पुढे झाला, त्याचे मुलगे पुढे झाले, लांबचे पुतणे पुढे झाले. सगळे सरळ रेघेचे.

भिंगरी शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभी होती, शेजारपाजारच्या बायकांत. पिटुकलीचा हात घट्ट धरलेला.

मूळपुरुष माणसांतून वाट काढत तिच्यापर्यंत गेले.

"चल. पुढे चल."

"राहू द्या, बाबा. इथून दिसतंय मला."

आजवर ती त्यांना कधी 'राहू द्या' म्हणाली नव्हती, 'राहू दे' म्हणायची.

"मी रेघ काढलीय," ते घाईघाईने म्हणाले. "सरळ. पिटुकलीपर्यंत. आधार सापडला."

भिंगरीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "आईने बघितली?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"खोकला आहे म्हणायची मला," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग एकदा यायचं होतंत, बाबा. रिकाम्या हाताने यायचं होतंत."

गाडीवाल्याने पुन्हा हाक मारली, "आजींचे यजमान कुठे आहेत?" मूळपुरुष पुढे गेले नाहीत. भिंतीशी, भिंगरीच्या बाजूला उभे राहिले. वहिनींना पुतण्यांनी उचललं. भिंगरीच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान मुलाचा निघावा तसा, आणि तिने तोंडावर हात दाबून धरला. मूळपुरुषांचा हात तिच्या पाठीकडे निघाला आणि मध्येच थांबला.

गाडी हळूहळू चालू लागली. लोक मागून निघाले. भिंगरी पिटुकलीला कडेवर घेऊन शेवटच्या बायकांबरोबर चालू लागली. मूळपुरुष तिच्या मागे होते. दोघांमध्ये एका माणसाची जागा होती. दोन पावलं उचलून ती भरून काढायचा धीर त्यांना झाला नाही, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.