पिकोवाल्या आपाचे सात पाहुणे

अंगात एकच जीव उरला, की पिकोवाल्या आपाच्या चेहऱ्यावर तेज यायचं. आमच्या पत्त्यांच्या खेळात दोघांनाही सुरुवातीला वीस जीव असतात. समोरची मारून मारून दमलेली असायची, तिच्या हातातले पत्ते संपलेले असायचे, आता शेवटचा एक घाव घातला की झालं, अशा खुशीत ती असायची. तेव्हा आपा ओठांत धरलेली टाचणी काढून गादीला टोचायची, ओढणी सारखी करायची आणि म्हणायची, "झालं तुझं? मंग आता मी खेळू?" ती समोरची बहुतेक वेळा मी असायचे.

भोकरदनच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं फॉल-पिकोचं दुकान. दुपारी लाइट गेली की पिकोची मशीन बंद पडायची, आणि गिऱ्हाइकं साड्या तिथेच टाकून बाजाराला निघून गेली की कापड बेतायच्या टेबलावर आमचा डाव पडायचा. या पत्त्यांचं खोकं तिच्या भाच्याचं. तो नोकरीला दुबईला गेला तेव्हा तिच्याकडे ठेवून गेला, जाताना दोन दिवस बसून तिला खेळ शिकवून गेला. आपाला इंग्रजी येत नव्हतं. शिकवलेले पत्ते तिला चित्रावरून पाठ होते, आणि जे नवे असत ते वाचून दाखवायला मी होते. एकदा सांगितलेला अर्थ तिनं मला परत कधी विचारला नाही. मीच विसरायचे, आणि मग ती माझ्याकडे अशी बघायची की बी.ए.ची मार्कशीट फाडून टाकावीशी वाटायची.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गड्डी साठ पत्त्यांची. त्यात काही पत्ते जमिनीचे, बाकीचे प्राण्यांचे आणि मंत्रांचे. दर फेरीला एकच जमीन मांडता येते, आणि जेवढी जमीन तेवढाच मोठा प्राणी उतरवता येतो. माझ्यासारखी उतावळी माणसं लहान लहान चपळ प्राणी भरतात आणि पहिल्या फेरीपासून मारत सुटतात. आपाची गड्डी उलटी. हा खेळ खेळणारी पोरं अशा गड्डीला रॅम्प डेक म्हणतात. तिच्यात असे मंत्र असतात, की ते खेळले की आपलीच गड्डी उघडायची, जमीन शोधायची आणि फुकटात मांडायची. समोरचा तीन जमिनींवर असतो तेव्हा आपल्या सहा झालेल्या असतात. तोवर मार खायचा. मग असा प्राणी उतरवायचा, की समोरच्याचे सगळे प्राणी त्याच्या एका पायाखाली मावतील.

आपाच्या गड्डीत असे सात होते. ती त्यांना पाहुणे म्हणायची. पाचच का नाहीत किंवा दहा का नाहीत, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दहा पाहुणे एकदम आले अन् चूल थंडी, तर काय खायला घालतीस? अन् दोनच बोलावले अन् तेही आले न्हाईत, तर रांधलेलं कुणाच्या घशात घालू?" महिन्यातून एकदा ती सगळी गड्डी टेबलावर पसरायची आणि खडूच्या तुकड्यानं बाजूला आकडे मांडत बसायची. एक मंत्र काढायची, एक जमीन घालायची, परत काढायची. ब्लाऊजची बाही बसत नसली की जशी उसवायची, तशीच गड्डी उसवायची. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं तिला खपत नसे.

माझ्या गड्डीबद्दल तिचं मत एकच. "तुला कापड फाडायची हौस. शिवायची न्हाई." हे मी चार वर्षं ऐकलं. तिला हरवावं असं वाटायचं, नाही असं नाही, पण त्याहून जास्त वाटायचं की या बाईनं मला एकदा आपल्या बरोबरीची मानावं. तिनं ते तोंडानं बोलून दाखवावं अशीही अपेक्षा नव्हती. नुसती मान हलवली असती तरी मी आठवडाभर गल्लीतून तरंगत गेले असते.

तिच्या टेबलाचा एक कायदा होता. हरतोय असं दिसलं म्हणून उठायचं नाही. पत्ते आवरून "हरले" म्हणणं तिला थुंकण्यासारखं वाटायचं. "मरायचं तर बराबर मर," म्हणायची, "अर्ध्यातून उठलीस तर उद्यापासून येऊ नको." त्यामुळे पाहुणा उतरला की पुढच्या आठ-दहा फेऱ्या माझे प्राणी एकेक करून खाल्ले जाताना बघत बसावं लागे. एका झटक्यात तिला डाव संपवता आला असता, तरी ती संपवायची नाही. एक खायची, मग चहा सांगायची, मग दुसरा खायची. मला तिचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी लाइट कधी जाते याची मी वाटही बघायचे.

गिऱ्हाइकांशीही ती अशीच. माप घेताना फीत ओढून म्हणायची, "दोन इंच वाढलीस. आताच सांगून राह्यले, मंग शिवल्यावर रडू नको." बायका चिडायच्या आणि तिच्याकडेच यायच्या, कारण तिनं बसवलेला फॉल साडी फाटली तरी निघत नसे. तिनं लग्न केलं नव्हतं. एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "एक आल्ता बघायला. त्याची कॉलर वाकडी होती. मी सांगितलं. गेला."

मी तिला सगळं सांगायचे. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा घरच्यांना वाटलं की पत्रिकेत काहीतरी निघालं. खरं असं होतं की मुलाच्या पहिल्याच फोनवर मी त्याला कॉलेजमधल्या एकाबद्दल सांगून बसले होते. लपवायला नको, एवढंच डोक्यात होतं. हे फक्त आपाला माहीत होतं. आणि एका मंगळवारी, तिला एका जिवावर आणून मी श्वास रोखून बसलेले असताना, तिनं पाहुणा उतरवला आणि माझे प्राणी खाता खाता बाकावर बसलेल्या दोन बायकांना म्हणाली, "हिचं असंच हाय बघा. जे हाये ते पहिल्याच दिवशी ओतून मोकळी. त्या पोराला पण पहिल्या फोनलाच कॉलेजचं सगळं सांगून टाकलं. मंग काय, गेलं लग्न."

त्यातली एक बाई आमच्या गल्लीतली. संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी जे बोलली त्यापेक्षा न बोलणं बरं होतं. आपाला हे कळलं असणार, भोकरदन काही एवढं मोठं नाही. लाइट गेली की ती नेहमीसारखाच डाव मांडायची. मी मात्र ठरवलं की हिला दुखेल असं काहीतरी करायचं. ते मला सापडलंही लगेच, याची मला आज जास्त लाज वाटते.

संभाजीनगरला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर या खेळाच्या स्पर्धा होतात. आपानं तिथे जायचं वर्षभर मनात धरलं होतं. बक्षिसाचं तिला काही नव्हतं. "तुम्हा पोरीबाळींना घाबरवून घाबरवून कंटाळले," म्हणायची, "एकदा अनोळखी माणसाला घाबरवून बघायचंय." त्यासाठी तिनं एक रविवार दुकान बंद ठेवलं. ईदच्या आधी ज्या बाईनं कधी अर्धा दिवस बंद ठेवलं नाही, तिनं. बसमध्ये बसल्यावर गड्डीची डबी तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "सांभाळ," म्हणाली. त्या डबीला तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. माफी मागायची तिची तेवढीच पद्धत असावी. ते मला तेव्हा समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

सिल्लोडला गाडी थांबली, आपा चहाला उतरली. मी डबी उघडली, सातही पाहुणे काढून पर्समध्ये टाकले आणि घरून आणलेले सात जमिनीचे पत्ते त्यांच्या जागी घातले. पत्त्यांची काळी प्लास्टिकची पाकिटं दोघींची सारखीच होती, मला तिनंच दिली होती. मोजले तर साठ भरत होते. ती बसून जमीन पसरत राहील, मार खात राहील आणि पाहुण्यांची वाट बघत बघत मरेल, सगळ्यांसमोर. हे चित्र मी फुलंब्रीपर्यंत चघळत होते.

वरच्या मजल्यावर सगळी तरणी पोरं. आपासमोर चष्मेवाला एक मुलगा बसला, इंजिनीअरिंगचा असावा. "काकू, तुम्ही खेळणार?" असं त्यानं खरंच नम्रपणे विचारलं. मी आपाच्या मागे उभी राहिले. तिसऱ्या फेरीला तिनं पहिला मंत्र खेळला, जमीन शोधायला गड्डी उचलली आणि पंख्यासारखी उघडली. तेव्हा मला आठवलं. ही गड्डी खेळणारी बाई आपलीच गड्डी उघडून बघते. चार वर्षं रोज समोर बसून बघत होते आणि नेमकं तेवढंच विसरले होते.

तिचा अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. परत एकदा गेला, या वेळी सावकाश. मग तिनं एक जमीन काढून मांडली, गड्डी पिसली आणि कापायला त्या मुलापुढे ठेवली. मागे वळून पाहिलं नाही. "मार बाबा," त्याला म्हणाली, "मी अजून चूलच पेटवून राह्यले."

पुढचा डाव मी आयुष्यात विसरणार नाही. हातात जमिनी आणि मंत्रांशिवाय काही नाही, गड्डीतूनही काही येणार नाही, हे ठाऊक असलेली बाई अशी खेळली, की जणू सात राक्षस दाराशी उभे आहेत. आठ जमिनी झाल्या, दहा झाल्या, बारा झाल्या. पोरं टेबलाभोवती गोळा झाली. चष्मेवाल्यानं मारायला काढलेले प्राणी मागे घेतले, बचावाला उभे केले. दोनदा तर तो नुसता तिच्या हातातल्या पत्त्यांकडे बघत बसला. जो डाव पाच फेऱ्यांत संपायचा तो अर्धा तास चालला. एकच जीव उरला तेव्हा तिनं ओढणी सारखी केली, आणि त्या पोरानं खरोखर हात मागे घेतला. घाबरला होता तो. मग त्याला दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं मारलं, आणि आपा मेली. बराबर मेली.

"काकू, हातात काय होतं?" त्यानं विचारलं.

"पाहुणे येणार होते," आपा पत्ते पालथे ठेवत म्हणाली. "रस्त्यात उतरले. सिल्लोडला."

परतीच्या गाडीत डबी तिच्या मांडीवर होती. मला वाटलं शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. भोकरदन जवळ आलं तेव्हा तिनं हात पुढे केला. मी सात पत्ते त्यावर ठेवले. तिनं मोजले, डबीत घातले आणि म्हणाली, "जल्दी घरी जा. आई वाट बघत असंल."

दोन दिवसांनी लाइट गेली. मी गेले, तिनं टेबल मोकळं करून दिलं, चहा सांगितला. मी दोन-तीन लहान प्राण्यांनी मारलं असेल नसेल, तर तिनं आपले पत्ते गोळा केले. "हरले मी. छान खेळलीस." तिच्या हातात पाहुणा होता, पत्ते उचलताना मला दिसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पण तेच, हसून. चार वर्षं जी मान हलावी म्हणून मी झुरले, ती आता मी पत्ता टाकायच्या आधीच हलत होती. चौथ्या दिवशी मी गेले नाही, आणि का आली नाहीस असं तिनं कधी विचारलं नाही.

आता मी जालन्याला असते. लग्न झालं, या वेळी पहिल्या फोनवर मी हवापाण्याचं बोलले. मागच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा सासूबाईंनी दिलेली साडी फॉलला घेऊन आपाकडे गेले. जालन्यात फॉल लावणाऱ्या पन्नास असतील. लाइट गेलेली होती. टेबलाशी बारावीतली एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून बसली होती आणि आपा तिचे प्राणी एकेक करून खात होती. "रडतीस कशाला? तू खेळतीस का आंगणात दाणे टाकतीस?" मुलगी नाक ओढत पुढचा पत्ता शोधत होती. मला त्या मुलीचा असा हेवा वाटला, की साडीची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

आपानं मला खुर्ची दिली. साडी उलगडली. सडक्या लिंबाच्या रंगाची ती साडी, मला स्वतःला बघवत नव्हती. "रंग छान हाये," आपा म्हणाली, "तुम्हाला शोभून दिसंल."

मी टेबलावरचा डाव बघतेय हे त्या मुलीच्या लक्षात आलं. "आपा, या पण खेळतात का?"

"न्हाई गं," आपा साडीची घडी घालत म्हणाली. "गिऱ्हाईक हायेत." आणि मला विचारलं, "फॉल कधीपर्यंत पायजे?"

मी म्हटलं, घाई नाही.